वाढत्या अंगाचा सर्व्हर

आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना, दुकानात एकट्याने पाठवायचं नाही, हा आमच्या घरातला एकमेव नियम, ज्यावरून कधी भांडण झालं नाही. माणूस शहाणा आहे, शिकलेला आहे, पण खरेदीला गेला की त्याच्या अंगात येतं. जे घ्यायचं ते वाढत्या अंगाचं. मुलाला शाळेचा शर्ट आणला, तर त्यात मुलगा आणि त्याचा मित्र असे दोघे मावतील. फ्रिज असा आणला की स्वयंपाकघराचं दार काढून तो आत घ्यावा लागला, आणि ते दार अजून गॅलरीत भिंतीला टेकून उभं आहे. बायकोला, म्हणजे माझ्या धाकट्या जावेला, लग्नात अंगठी घातली, तीसुद्धा सैल. "पुढे बसेल," म्हणाले. ती बिचारी अजून दोरा गुंडाळून घालते.

तर अशा या माणसाला आमच्या कंपनीने मशीन निवडायला सांगितलं. कंपनीचं डोकं हे असं.

आमची कंपनी पार्सलं पोचवते. निदान तसं म्हणते. "माझं पार्सल कुठे आहे?" एवढा एकच प्रश्न जगाला पडलेला असतो, आणि त्याचं उत्तर द्यायला आम्ही सात जणी एका लांबट खोलीत कानाला हेडफोन लावून बसलेल्या असतो. खोलीला खिडकी एकच, तीही साहेबांच्या केबिनमध्ये उघडणारी. भाऊजी वरच्या मजल्यावर, कॉम्प्युटर विभागात. कंपनीत मी आधी लागले, ते नंतर, आणि हे मी त्यांना विसरू देत नाही. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते शाळेत जात होते आणि डब्यात रोज तीच भाजी का म्हणून माझ्यावर रुसत होते. त्यामुळे ऑफिसात ते कितीही मोठे साहेब झाले, तरी मला त्यांचा धाक वाटणं जरा कठीणच.

पार्सलांची सगळी माहिती वरच्या सर्व्हरमध्ये, आणि त्या जुन्या मशीनला काही विचारलं की पडद्यावर एक चकती गरगर फिरायची. आम्ही "एक मिनिट हं" म्हणायचो आणि चकतीकडे बघत बसायचो. शेवटी साहेबांनी ठरवलं, नवी पद्धत आणायची. ती भाऊजींनी मला घरी ओट्यापाशी उभं राहून समजावली, कारण बायकांना काहीही स्वयंपाकघरातच समजतं असा त्यांचा समज आहे. जुन्या मशीनमध्ये माहिती डिस्कवर, म्हणजे माळ्यावर. कोणी काही मागितलं की शिडी लावा, चढा, शोधा, उतरा. नव्यात सगळीच्या सगळी माहिती मेमरीत, म्हणजे ओट्यावर, हाताशी. फक्त ओटा तेवढा ऐसपैस हवा. मी म्हटलं, भाऊजी, ऐसपैस आणायचं असेल तर तुमच्याइतका लायक माणूस शोधून सापडायचा नाही. ते खूश झाले. टोमणा कळायला त्यांना नेहमीच वेळ लागतो.

मग साहेबांनी आम्हा सातही जणींना बोलावलं आणि फार गोड आवाजात सांगितलं की नवं मशीन नीट चाललं, उत्तरं पटापट यायला लागली, की एवढ्या मुलींची गरज उरणार नाही. चौघी पुरतील. तिघींना कंपनी मनापासून शुभेच्छा देईल. मला पन्नाशीत मुलगी म्हटल्याचा आनंद मानावा की रडावं, ते कळेना. आमच्या यांचा कारखाना बंद पडल्यापासून ते घरीच आहेत. माझी नोकरी गेली तर या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार? आणि गंमत बघा, माझी खुर्ची घालवणारं मशीन निवडणार कोण, तर ज्याला मी डबा भरून दिला तो.

घरात याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. भाऊजी जेवताना मशीनची माहितीपत्रकं वाचायचे, जाऊ माझ्याकडे बघायची, मी ताटाकडे. छोटी मशीनं चार घ्यावीत की मोठं एकच, यावर त्यांचं बरेच दिवस चाललं होतं. मला आधीच ठाऊक होतं. मोठं एकच घेतलं. दोन प्रोसेसर, दोघांच्या शेजारी मेमरीच्या पट्ट्या बसवायच्या खाचांची लांबलचक रांग. पट्ट्याही घेतल्या त्या सर्वांत मोठ्या, त्यामुळे थोड्यातच भागलं. त्या सगळ्या एका बाजूला ओळीने बसवल्या आणि दुसरी बाजू आख्खी रिकामी ठेवली. कंपनी वाढेल, माहिती वाढेल, तेव्हा भरता येईल, जुनं काही टाकून द्यायला नको. सेल्समन नुसता मान डोलवत होता. गिऱ्हाईक सर्वांत मोठं खोकं घेतंय म्हटल्यावर त्याचं काय जातंय?

मशीन आलं, चौघांनी वर चढवलं, साहेबांनी बटण दाबलं, टाळ्या झाल्या. सकाळी बरं चाललं. दुपारी फोनची गर्दी झाली आणि चकती पुन्हा गरगरायला लागली, अगदी जुन्यासारखी. आमच्या खोलीत सगळ्यांचे चेहरे पडलेले आणि पोटात गुदगुल्या. शेजारच्या खुर्चीवरची माझ्या कानात म्हणाली, तुमचे दीर म्हणजे देवमाणूस आहेत. मीही हसले. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

ते बरं वाटणं आठवडाभरसुद्धा टिकलं नाही. साहेब भाऊजींना घेऊन आमच्या खोलीत आले आणि आम्हा सगळ्यांसमोर त्यांना उभं करून म्हणाले, हे आपले तज्ज्ञ, यांनी हत्ती आणला आणि त्याला चालता येत नाही. दोन-तीन जणी फिसकन हसल्या. महिनाअखेरपर्यंत सुधारलं नाही तर मशीनही परत जाईल आणि निवडणाराही, असं ऐकवून साहेब चहा प्यायला गेले. भाऊजी तिथेच उभे होते, हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाला नावं ठेवायचा हक्क जगात दोघींना आहे, एक त्याची बायको आणि दुसरी मी. तिसऱ्याने तोंड उघडायचं काम नाही. हसणाऱ्यांपैकी एकीशी मी तेव्हापासून बोलत नाही.

पुढे भाऊजींचं जेवण तुटलं. ताटावर बसायचे, चिवडायचे, उठायचे. आणि एका रविवारी दुपारी मी ओटा पुसत होते, तर दारात, म्हणजे जिथे पूर्वी दार होतं तिथे, येऊन उभे राहिले. सापडलं, म्हणाले. मग स्वतःच मिठाचा, साखरेचा, सगळे डबे ओट्याच्या एका टोकाला सरकवले. दोघी जणी स्वयंपाक करताहेत आणि सगळे डबे एकीच्याच बाजूला. दुसरीला चिमूटभर मीठ हवं तरी पहिलीला हाक मारायची, तिचा हात मोकळा होईपर्यंत थांबायचं. दोन प्रोसेसरांचं तसंच झालं होतं. पुढे कधीतरी लागेल म्हणून एक बाजू रिकामी ठेवली आणि आत्ताचंच अडलं. पट्ट्या दोन्हीकडे सारख्या वाटून बसवायच्या, एवढंच काम. मशीन बंद केलं की मेमरी कोरी होते, म्हणून सगळी माहिती डिस्कवरून पुन्हा भरावी लागेल. एक सुट्टीची सकाळ जाईल.

मी म्हटलं, मग वाट कसली बघताय?

 ते डबे एकेक करून जागच्या जागी ठेवत राहिले. मिठाचा साखरेच्या जागी ठेवला. मग म्हणाले, "वहिनी, करू का?"

त्यांनी हे मला विचारावं, याचा मला इतका राग आला की काय सांगू. मी फडकं आपटलं. "मला काय विचारता? मशीन माझ्या माहेरचं आहे का? चुकलंय ते नीट करा आणि नीट जेवा. भरली ताटं परत उचलून उचलून माझे हात गेले."

पुढच्या सुट्टीला त्यांनी काम उरकलं. दुसऱ्या दिवशी मी पहिला फोन घेतला, पार्सलचा नंबर टाकला, "एक मिनिट हं" म्हणायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. उत्तर आलं होतं. दुपारची गर्दी आली आणि गेली, चकती दिसलीच नाही. साहेब आमच्या खोलीत येऊन भाऊजींच्या पाठीवर थाप मारून गेले. हत्ती चालायला लागला होता.

आता तिघी कोण, एवढंच राहिलं होतं. साहेब म्हणाले, आपण कशाला वाईट व्हायचं, मशीनलाच विचारू. एका फोनवर सर्वांत जास्त वेळ कोण घालवतं, हेही त्यातच होतं. विचारायचं काम अर्थातच भाऊजींना दिलं.

त्या संध्याकाळी ते ऑफिसातून माझ्या आधी घरी आले होते. मी चपला काढायच्या आत समोर येऊन उभे राहिले. साहेबांनी उद्या सांगायचं ठरवलंय, पण तुम्हाला ते तिथे सगळ्यांसमोर कळायला नको, म्हणाले. "वहिनी, तुमचं नाव पहिलं आलं."

मी तिथल्याच स्टुलावर बसले. खूप वाईट वाटलं. आमच्या यांना काय सांगायचं, महिना कसा काढायचा, सगळं एकदम डोक्यात आलं. पण समोर तो माणूस असा उभा होता की आधी त्याचंच काहीतरी करायला हवं होतं.

"उत्तर यायला किती वेळ लागला?" मी विचारलं.

"लागलाच नाही."

"मग चांगलं मशीन निवडलंत, भाऊजी."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना टोमणा मारला नव्हता. ते मात्र मान खाली घालून आत निघून गेले.