पमीनं गुंडाळलेली मोटर

दुपारचे साडेतीन वाजलेत आणि प्रमिलाबाईंचे डोळे जड होऊ लागलेत. जेवणाच्या टेबलावर रुळांचं गोल कडं मांडलंय, त्यावर वीतभर लांबीचं पितळी इंजिन उभं आहे. सकाळपासून बटण फिरवून झालं, बोटानं ढकलून झालं. इंजिन ढिम्म. पाच वाजता रेल्वेच्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन मांडणाऱ्या बाई येणार आहेत. त्यांनी फोनवर स्वच्छ सांगितलंय, चालत असेल तर रुळांवर धावताना दाखवू, नसेल तर काचेच्या कपाटात ठेवू. काचेत! भुसावळच्या शेडमध्ये फिटर असलेल्या आप्पांनी सुट्टीच्या दिवसांत कानशीनं घासून घासून उभं केलेलं इंजिन काचेत! प्रमिलाबाई रागानं डोकं टेबलावर टेकवतात.

पंख्याची घरघर लांब जाते. तिच्या जागी वाफेचा सुस्कारा येतो.

"वरून काय बघतेस? खाली ये."

आप्पा इंजिनाखालच्या खड्ड्यात उभे आहेत. वारले तेव्हाचे, एक्कावन्न वर्षांचे. त्यांची मुलगी आता शहात्तरची. ती स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या फळीवरून पायरी पायरी उतरते आणि वर बघते, तर टेबलावरचंच इंजिन घराएवढं झालेलं.

"आप्पा, हलतच नाही हो."

"मोटर जळाली असेल."

"मोटर मी गुंडाळलीय," प्रमिलाबाई ताडकन म्हणतात. "तेरा वर्षांची होते. तांब्याच्या तारेचे चारशे वेढे, एकही दुसऱ्यावर चढला नाही. जळणार नाही ती."

"फार शहाणी! दाखव."

प्रमिलाबाई दोन तारा थेट मोटरीला लावतात. मोटर गुणगुणते. आप्पा पेचकसाचं टोक मोटरीला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटतात. शेडमध्ये ते असंच ऐकायचे.

"हं," ते म्हणतात. "मग रुळांत वीज नसेल."

रूळ आता शाळेच्या बाकांमधून चाललेत. प्रमिलाबाई फळ्यासमोर ओणव्या होऊन दोन्ही रुळांना बल्बच्या तारा टेकवतात. बल्ब लख्ख पेटतो.

"रुळांत वीज आहे, मोटर चांगली आहे. म्हणजे वीज मध्येच अडतेय."

"मध्ये काय असतं?"

"चाकं!"

दोघं पुन्हा खड्ड्यात उभी राहून वर बघतात. चाकांवर लाल, चिकट राप जमलाय.

"हे काय गं?"

"तुम्ही गेल्यापासून दर खंडेनवमीला पूजा करते. हळद-कुंकू, वर तेलाचं बोट."

"चाकांना?"

"सहाही."

आप्पा हसता हसता खोकायला लागतात. "अगं पमे, शेडमध्ये कुंकू लावायचो ते बॉयलरच्या तोंडाला! पन्नास वर्षं ओवाळलंस आणि बिचाऱ्याचे पायच चिकटवून ठेवलेस."

"पण कुंकू पुसायचं कसं आपल्याच हातानं?"

"पुस गं. इंजिन काय विधवा होतंय?"

ते चिंधी रॉकेलमध्ये बुडवून पुढचं एक चाक पुसतात, सावकाश, कडेकडेनं. "हे एक मी दाखवलं. उरलेली तू कर."

मग ते खड्ड्यातून वर चढतात आणि अख्ख्या शेडला ऐकू जाईल असं ओरडतात, "ए, इकडे बघा रे! ही मोटर माझ्या पमीनं गुंडाळलीय. अजून गातेय!"

ओळीनं उभ्या इंजिनांच्या खिडक्यांतून काळवंडलेली तोंडं बाहेर येतात. ड्रायव्हर, फायरमन, सगळे तिच्याकडे बघतायत. प्रमिलाबाई पदर सारखा करतात आणि मान ताठ ठेवून बघून घेतात सगळ्यांकडे.

दाराची घंटा वाजते.

पंखा डोक्यावर फिरतोय. घड्याळात पाच. प्रमिलाबाई डोळे चोळतात, इंजिन उचलतात आणि उताणं करतात. चाकांवर लाल राप तसाच आहे. फक्त पुढचं एक चाक नव्या पितळेसारखं चकचकतंय.

घंटा पुन्हा वाजते.

"थांबा हो जरा," प्रमिलाबाई जागेवरूनच खणखणीत आवाजात सांगतात आणि चिंधी शोधू लागतात. "पाच चाकं राहिलीत."