समोरचा पाट

जुळे सोलापुरात माझ्या शेजारी गुरुलिंगअण्णा एकटेच राहतात. टूरवाल्यांचे आचारी म्हणून ते जेरुसलेम, रोम, क्योटो फिरले. आपल्या लोकांना तिकडंही पिठलंच लागायचं. परक्या देवांपुढं रडणारी माणसं त्यांनी पाहिली. स्वतःचा देव गळ्यातच होता. हॉटेलच्या खोलीत रोज ते इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करायचे. इकडं त्यांची बायको शरणम्माही पूजेला बसायची, समोर अण्णांचा रिकामा पाट मांडून.

अण्णा कायमचे घरी आले, त्याच वर्षी ती गेली. पुरताना लिंगायत रिवाजाप्रमाणं तिचं लिंग तिच्याच हातात ठेवलं.

आता समोर तिचा पाट असतो.

मी मूर्खासारखं विचारलं, "सगळ्यात शांत देऊळ कुठलं पाहिलंत?"

"हितंच की," पाटाकडं बघत ते म्हणाले. "लई शांत हाय."