कुवेतचा शुक्रवार आणि शिवलेले गाठोडे

नोकरीत असताना मी बरीच माणसे बेड्या घालून आणली. त्यांतले बहुतेक चेहरे आता पुसट झाले आहेत. कुवेतला ज्याला आणायला गेलो आणि ज्याला न आणताच परतलो, तो तरुण मात्र अजून लख्ख आठवतो. खरे सांगायचे तर त्याच्याही आधी आठवते ती त्या दिवशीची आमची गावभर भटकंती. सरकारी खर्चाने एवढी मजा मी पुन्हा कधी केली नाही.

पन्नासच्या दशकाची अखेर होती. मी मुंबईत सब-इन्स्पेक्टर होतो. आमच्या हद्दीतल्या एका शेठच्या बंगल्यातून शेठाणीचे सोन्याचे झुमके गेले. फिर्यादीत संशय बबर्च्यावर होता. तो रत्नागिरीकडचा कोकणी मुसलमान तरुण, चोरी लक्षात येण्याच्या जरासा आधीच नोकरी सोडून कुवेतला गेलेला. त्यातच आमच्या एका खबऱ्याने खबर आणली, की जाताना पोराकडे शिवून बंद केलेली पुष्कळ गाठोडी होती, माल त्यातच असणार. तिकडच्या पोलिसांना तार गेली. त्यांनी सामान तपासले आणि एका गाठोड्यात सोन्याचा कानातला दागिना मिळाल्याची उलट तार आली. साहेब खूश झाले. आता फक्त आरोपी ताब्यात घेऊन यायचा होता. मी आणि साताऱ्याकडचा एक जमादार, असे दोघे बोटीने निघालो.

बोटीवर आम्ही साध्या कपड्यांत होतो. कोणी विचारलेच तर सरकारी कागदपत्रांचे काम आहे एवढेच सांगायचो. पोलीस म्हटले की शेजारचा माणूस चटई उचलून दुसरीकडे जातो, हा माझा अनुभव. त्यामुळे आम्हाला छान सोबत मिळाली. एक होत्या मामी, रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या, कुवेतला मुलाकडे निघालेल्या. सगळी बोट त्यांना मामी म्हणायची. दुसरे पुण्याचे एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर, बसऱ्याला लेकीकडे चाललेले. बोट कुवेतला माल उतरवायला थांबणार होती, म्हणून त्यांनी शहर बघायचे आधीच ठरवले होते. माझ्या जमादाराला बोट लागली होती आणि त्याला जमीन सोडून काहीच बघायचे नव्हते.

आमच्या कचेरीने मोठ्या हुशारीने आखणी केली होती. शुक्रवारी पोहोचायचे, शुक्रवार-शनिवार कामकाज उरकायचे, रविवारी विश्रांती. तिकडे सुट्टी शुक्रवारी असते हे मुंबईतल्या एकाही साहेबाच्या डोक्यात आले नव्हते, माझ्याही नाही. सकाळी लाँचने शहराच्या शर्क भागातल्या किनाऱ्यावर उतरलो. मामींचा मुलगा घ्यायला आला होता. त्या सगळ्यांना चहाच्या दुकानात बसवून मी 'कागदाचं काम' म्हणून ठाण्यावर गेलो, तर सगळीकडे सामसूम. ड्यूटीवरचा अधिकारी लहानपणी वडिलांच्या व्यापारापायी मुंबईत राहिलेला निघाला. त्याने हसत हसत सांगितले, "आज जुम्मा है. साहब कल आएगा, कागज कल. आज घूमो." मग माझा चेहरा बघून त्याने आरोपीला भेटायची परवानगी दिली.

मुद्देमाल टेबलावर मांडलेला होता. हिरव्या कापडाचे, बारीक पांढऱ्या फुलांचे, उसवलेले गाठोडे. आत सोडे, म्हणजे वाळवलेली कोळंबी. तिचा वास खोलीभर पसरला होता. आणि एक झुमका. दुसरा कुठे, असे मी विचारले. अधिकाऱ्याने हात उडवले, इतनाही था. तारेत एक की दोन हे कोणी लिहिले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. मला ते खटकले. शिवाय सोने तिकडून इकडे चोरून येते हे आम्ही रोज बघत होतो. इकडून तिकडे सोने नेणारा चोर मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

आरोपीला आणले. मुकाट, पण घाबरट नव्हे.

"गाठोडं कोणाचं?"

"माझा नाय सायब. अमानत हाय."

"कोणी दिलं?"

त्यापुढे तोंड बंद. मी दरडावले, चहा पाजला, मुंबईच्या जेलचे वर्णन केले, त्याच्या आईची आठवण काढून दिली. चौकशीत जेवढे म्हणून करतात तेवढे केले. तो एवढेच म्हणाला, की नाव सांगितले तर त्या दारात पोलीस जातील, आणि ते त्याला नको आहे. खोटे बोलणारा माणूस भरपूर बोलतो, असे मी कायम पाहिले आहे. हा कोणाला तरी पाठीशी घालत होता. पण त्याने तोंड उघडले नाही तर मला त्याला बेड्या घालून न्यावेच लागणार होते, आणि खिशात तसा हुकूम होता. त्याची परदेशातली नवी नोकरी गेली असती, कपाळी चोरीचा शिक्का बसला असता आणि गावात आईला मान वर करता आली नसती.

कागद दुसऱ्या दिवसावर गेले होते. मी चहाच्या दुकानात परतलो आणि आमची सहल सुरू झाली.

थंडीचे दिवस होते, ऊन कोवळे होते. आधी मासळीबाजार. मामींनी एकेका पापलेटाचे कल्ले उघडून बघितले आणि अरब कोळ्याला आपल्या बोलीत सुनावले, की हा कालचा हाय, ताजा काढ. तो अरबीत भांडला, त्या कोकणीत भांडल्या, आणि दोघांचे पूर्ण समाधान होऊन सौदा तुटला. त्या काळी तिथे आपलाच रुपया चालत असे, त्यामुळे मामींना परमुलखात आल्यासारखे वाटतच नव्हते. पुढे गलबते बांधण्याची जागा होती. मलबारहून आलेल्या, आपल्याकडच्या सागवानाच्या फळ्या बघून जमादाराला इतका आनंद झाला, की त्याने त्यांना हात लावून बघितला आणि पहिल्यांदाच हसला. शहराचा जुना मातीचा तट नुकताच पाडला होता, वेशीचे दरवाजे तेवढे उभे होते. मास्तर तिथे चित्र काढायला बसले. भोवती घोळका जमला. दाढीवाल्या एका म्हाताऱ्याने कागदात डोकावून स्वतःच दरवाजापुढे ऐटीत उभे राहून घेतले, आणि मास्तरांना दरवाजा सोडून त्याला काढावे लागले. मामी सावलीत बसून सगळ्यांना घावन वाटत होत्या. मी पोलीस आहे हे मीच मधूनमधून विसरत होतो.

दुपारी नमाजानंतर मिरकाब मोहल्ल्यात मामींच्या मुलाकडे जेवण होते. त्यांच्या आणि आसपासच्या गावांतले एकटे राहणारे लोक दर शुक्रवारी त्या घरी जेवत. आम्हा पाहुण्यांना मधोमध बसवले. तांदळाच्या भाकरी, माशाचे कालवण, आणि बोलण्याचा विषय एकच. मुंबईचा कोणी पोलीस यायचा आहे आणि तो आपल्या पोराला घेऊन जाणार आहे. त्या पोलिसाचा त्या मंडळींनी असा काही उद्धार केला, की जमादाराला ठसका लागला. मी मान खाली घालून काटे काढत राहिलो. भाकरी मात्र सोडवत नव्हती.

जेवण झाल्यावर मामींनी ट्रंक उघडली. गावचा माणूस परदेशी निघाला की घराघरांतून त्याच्याकडे गाठोडी येतात, आणि नेणाऱ्याने ती न उघडता पोहोचवायची असतात. कोणाचे सोडे, कोणाची आमसुले, कोणाचे पापड. मामी एकेक गाठोडे उचलून ज्याच्या त्याच्या हातात देत होत्या. एकावरही नाव नव्हते.

मी विचारले, यातले कोणाचे कुठले हे कळते कसे?

"कपड्यावरना," मामी म्हणाल्या. "आपल्या घरचा कपडा आपल्याला वलखू येतो. नाव कशाला लागते?"

सगळ्यांची गाठोडी वाटून झाली. कोपऱ्यात एक शिंपी बसला होता, त्याचे हात रिकामेच राहिले. बाकीचे त्याला चिडवू लागले, की इतकी वर्षे घरी गेला नाहीस, बायको विसरली तुला. तो कसनुसा हसला. म्हणाला, मामीचे गाव वेगळे, माझे गाठोडे त्या पोरासोबत यायचे होते, ते गेले पोलिसात.

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मी त्यालाच विचारले, "तुमच्या घरी हिरवं कापड आहे का? बारीक पांढऱ्या फुलांचं?"

"माझ्या बायकोची ओढणी," तो म्हणाला. "इथल्या बाजारातला कापड, मीच शिवून धाडलेली." आणि मग थांबून, "तुमाला कसा ठावा?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी म्हणालो, "जेवताना ज्याला शिव्या देत होतात, तो पोलीस मीच."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मामी तेवढ्या उठल्या, माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मंग आमचा जेवलास ना? आता नीट तपास कर."

शिंप्याला घेऊन मी ठाण्यावर गेलो. गाठोड्यात काय सापडले ते त्याला सांगितले नव्हते. टेबलावरचा झुमका बघून त्याने तो तळहातावर घेतला. निकाहात त्यानेच तो बायकोला दिला होता. लवकर येतो म्हणून निघाला आणि वर्षामागून वर्ष पुढे ढकलत राहिला. तो हळू आवाजात म्हणाला, "पत्रात लिहून थकली असेल. एक धाडला, एक ठेवला. जोडी लावायला ये, म्हनते."

मग मी त्या तरुणाला समोर आणले. शिंप्याला बघून त्याने पहिल्यांदा मान खाली घातली. गाठोड्यात सोने आहे हे त्यालाही माहीत नव्हते. पोलिसांनी शिवण उसवल्यावर ते बाहेर पडले, तेव्हा नाव घेतले तर गावात शिंप्याच्या बायकोवर, त्याच्या वहिनीवर, चोरीचा आळ येईल, सासू तिला घराबाहेर काढेल, या भीतीने तो गप्प बसला होता. एवढ्यासाठी तो जेलमध्ये जायला तयार होता. मला भरून आले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

पण भरून येणे हा पुरावा नव्हे. शनिवारी रीतसर जबाब घेतले, पंचनामा केला, तारा पाठवल्या. रत्नागिरीच्या ठाण्याला मुद्दाम कळवले, की वर्दीतला माणूस शिंप्याच्या दारात जाता कामा नये, हवालदाराच्या घरची बाई पाहुणी म्हणून पाठवा. बोट मास्तरांना घेऊन बसऱ्याला गेली आणि आम्ही तिच्या परतण्याची वाट बघत राहिलो. उत्तर आले. जोडीतला दुसरा झुमका शिंप्याच्या बायकोच्या पेटीत होता. आणि मुंबईहून दुसरी तार आली, की शेठाणीचे झुमके धाकट्या सुनेच्या माहेरी मिळाले, शेठजी फिर्याद मागे घेत आहेत. घरातली वस्तू गेली की आधी नोकराचे नाव घ्यायचे, ही मोठ्या घरांची रीत मी पुढेही वरचेवर पाहिली.

सुटकेच्या दिवशी शिंपी आला होता, परतीचे तिकीट काढून. आमच्याच बोटीने तो गावी निघाला होता. कोठडीतून बाहेर पडलेला माणूस आधी कोणाच्या तरी गळ्यात पडतो किंवा पोलिसांना शिव्या देतो. या तरुणाने ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याकडून मुद्देमाल मागून घेतला. सोडे गोळा केले, सांडलेले एकेक वेचले, त्यात झुमका ठेवला, हिरव्या कापडाची गाठ मारली आणि दोन्ही हातांनी ते शिंप्यापुढे धरले.

"भाई, तुमचा गाठोडा," तो म्हणाला. "वाटेत उघडला गेला. माफी करा."

पुढे निवृत्त होईपर्यंत माझ्यासमोर जो कोणी गप्प बसला, त्याला दरडावण्याआधी मी स्वतःला विचारत आलो, हा काही लपवतो आहे, की कोणाला जपतो आहे.