तपासणीपुरती निगा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे उस्ताद म्हणत. त्यालाही ते पटलेलं होतं. बंद लिफ्टपुढे उभा राहून तो दोन मिनिटं नुसता कान द्यायचा आणि कुठे दुखतंय ते सांगायचा. स्वतःच्या पोटात काय बिघडलंय, हे मात्र त्याला दोन्ही किडन्या बसेपर्यंत कळलं नाही.

मग त्याच्या थोरल्या बहिणीने, ताईने, आपली एक किडनी दिली. ती तेव्हा बावन्न वर्षांची, हा चव्वेचाळीसचा. "लहानपणी माझं सगळं हिसकावून घेतलंस, एवढंच राहिलं होतं," म्हणत ती ऑपरेशनला गेली. किडनी पहिल्या दिवसापासून कामाला लागली. त्या घरात हे नवीनच होतं.

अट एकच. सकाळी आठला गोळ्या, रात्री आठला गोळ्या, जन्मभर. दुसऱ्याची किडनी शरीराला घुसखोर वाटते, ते तिच्यावर तुटून पडतं. गोळ्या त्याला आवरून धरतात. डॉक्टरीणबाईंनी हे तीनदा समजावलं. उस्तादने तिन्ही वेळा मान डोलावली. मान डोलवायला त्याचं कधी काही जात नसे.

गोळ्यांनी हात मात्र थरथरायचे. थोडेसेच. चार वर्षं त्याने ते खपवून नेलं. एकदा सातव्या मजल्यावर स्क्रू बोटांतून निसटला आणि टणटणत तळापर्यंत गेला.

"उस्ताद, त्याला लिफ्टने पाठवायचं ना!" जोडीदार म्हणाला.

सगळे हसले. उस्तादही हसला. त्या रात्री त्याने गोळ्या घेतल्या नाहीत. पुढेही चार-पाच रात्री नाहीत. हात बराच स्थिर झाला. झालं, त्याला औषध सापडलं. औषध न घेणं.

राहता राहिली तपासणी. दर तीन महिन्यांनी रक्तातलं औषधाचं प्रमाण बघत. पण तपासणी म्हटली की उस्तादच्या हातचा मळ. निरीक्षक यायच्या आठवड्यात लिफ्टला वंगण घालायचं, दोर पुसायचे, दिवे बदलायचे. निरीक्षक सही करून गेला की लिफ्ट आपल्या मूळ स्वभावावर. किडनीलाही त्याने तेच लावलं. रक्त द्यायच्या आधी आठवडाभर गोळ्या घड्याळाच्या ठोक्याला. रिपोर्ट इतका चोख, की डॉक्टरीणबाई दुसऱ्या पेशंटांना त्याचं उदाहरण देऊ लागल्या.

"गोळ्या घेतल्या?" बायको विचारायची.

"घेतल्या." सकाळच्या घेतलेल्या असायच्याच. तेवढा तो प्रामाणिक होता.

पण क्रिएटिनिन चढू लागलं. किडनी किती काम करते ते सांगणारा हा आकडा. तो चढला की किडनी उतरली. डॉक्टरीणबाई चक्रावल्या. औषध बरोबर, ब्लडप्रेशर बरोबर, डायबेटिस नाही.

"कधी कधी देणाऱ्याचं वय जास्त असलं की किडनी लवकर थकते," त्या म्हणाल्या. "सुईने तुकडा काढून तपासू."

यातलं 'कधी कधी' घरी पोचेपर्यंत वाटेतच गळालं.

"बावन्न वर्षं वापरलेली वस्तू ती," मेहुणा, बायकोचा भाऊ, म्हणाला. "चालली तेवढी नशीब समजा."

उस्ताद गप्प बसला. त्याला ते फारच सोयीचं होतं. हे ताईच्या कानावर गेलं, तेव्हाही तो गप्पच होता.

रिपोर्टच्या दिवशी ताई बरोबर आली. बसायच्या आधीच तिने आपली फाइल टेबलावर ठेवली.

"डॉक्टर, माझी दुसरी कशी आहे ते बघा. बरी असली तर याला देऊन टाका. पहिलीच माझी कमी पडली."

"अहो, मग तुम्ही कशावर जगणार?"

"मी बसेन आठवड्यातून तीनदा डायलिसिसला. मला तरी आता घरात काय काम असतं?"

ती हे दूधवाल्याशी बोलावं तसं बोलत होती. उस्तादने तिच्याकडे पाहिलं. मग टेबलाकडे.

"ताई, गप्प बस."

"का रे?"

"मी रात्रीच्या गोळ्या घेत नाही. दोन वर्षं झाली."

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट त्याच्यापुढे सरकवला.

"तेच लिहिलंय यात. किडनी म्हातारी नव्हती. तुमच्या शरीराने तिला मारलंय. का नाही घेतल्या?"

"हात थरथरायचे."

"दर खेपेला विचारत होते मी, काही त्रास? तुम्ही म्हणायचात, छे! अहो, डोस बदलता येतो. दुसरी औषधं आहेत."

"किती उरलीय?" ताईने विचारलं.

"निम्म्याहून कमी. गेलेली परत येत नाही."

ताईने फाइल उचलली. "उरलेली माझी समजून सांभाळ. स्वतःची समजलास म्हणून ही गत केलीस." आणि मेहुण्याला हे आजच्या आज स्वतःच्या तोंडाने सांगायचं, असंही बजावलं.

सांगताना त्याचा आवाज थरथरला. त्यावर गोळी नाही.

आता औषध बदललंय. बारीक तारांचं काम जोडीदार करतो, उस्ताद बॅटरी धरतो. रोज रात्री आठला ताईचा फोन येतो. ती हॅलो म्हणत नाही.

"गिळ," म्हणते, आणि पाण्याचा घोट ऐकू येईपर्यंत फोन ठेवत नाही.