रिवर्क आलंय

त्या मंगळवारी समोरच्या टेबलावरच्या मावशी कामावर आल्या नाहीत. दुपारी निरोप आला की सोमवारी संध्याकाळी त्या गेल्या. मला तेव्हा सातवा महिना होता.

"रिवर्क आलंय, मॅडम." हे त्यांचं वाक्य. म्हणताना त्या तपासणीच्या टेबलावर बोटाने दोनदा टकटक करायच्या आणि माझ्याकडे न बघता पुढचा पार्ट उचलायच्या. तुमच्यापैकी ज्यांनी चाकणच्या एखाद्या कंपनीत काम केलंय त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्याकडे चांगला माल हिरव्या ट्रेमध्ये जातो, वाया गेलेला लाल ट्रेमध्ये, आणि घासूनपुसून सुधारेल असा पिवळ्या ट्रेमध्ये. पिवळ्यातल्या मालाला रिवर्क म्हणतात. मावशींच्या तोंडी मात्र रिवर्क म्हणजे, जा, खाऊन ये.

त्या परभणीकडच्या, कंत्राटावर लागलेल्या. मी क्वालिटीत, कायम. आमची टेबलं समोरासमोर होती, एवढीच ओळख. पहिल्या शिफ्टला मोशीहून बस धरायची तेव्हा माझ्या पोटात काही ठरत नसे, आणि जेवणाची सुट्टी खूप उशिरा असे. मळमळ आणि भूक एकाच वेळी लागते, हे ज्यांनी सोसलंय त्यांनाच पटेल. मशीनजवळ खायला बंदी. खाण्याचा कण पार्टला चिकटला तर माल परत येतो. असंच एकदा मोजमाप घेताना डोळ्यांपुढे अंधारी आली. मावशींनी दंडाला धरून स्टुलावर बसवलं.

"कितवा?"

"तिसरा लागलाय."

"पैलंच का?"

"नाही. आधीचं राहिलं नाही."

मावशींनी ॲप्रनच्या खिशातून फुटाणे काढून माझ्या मुठीत दाबले. "भाईर जाऊन चाव. गपकन गिळू नको. आन् इथं रडू बी नको माय, कॅमेरा हाय."

दुसऱ्या दिवशी बाहेरच्या पाण्याच्या कूलरमागे एक जुना पिवळा ट्रे आला, वर पुठ्ठ्याचं झाकण. त्यात फुटाणे, गूळ, ज्वारीच्या लाह्या, कधी दशमीचा तुकडा. डॉक्टरांनी मला सांगितलंच होतं, पोट फार वेळ रिकामं ठेवू नका, थोडं थोडं खा. पण डॉक्टरांना लाईन सोडून उठायचं नव्हतं. मावशी टकटक करायच्या आणि मी पाणी प्यायला म्हणून उठायची.

त्यांचं सगळंच मानवलं असं नाही. एकदा त्यांनी डिंकाचा लाडू आणला आणि माझ्या पोटाने तो जसाच्या तसा परत केला. मला ओशाळल्यासारखं झालं. मावशी म्हणाल्या, "लेकरू शहाणं निघालं. माझी सून बी हेच म्हणती माझ्या लाडवाला."

आमच्या शिफ्ट इंजिनीअरला संशय आला. "मावशी, सारखं काय रिवर्क? पार्ट कोणता आहे?"

"एकच पीस हाय साहेब. पण लई नाजूक हाय. घाई केली तर लाल ट्रेत जाईल."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांचे कान लाल झाले. "हळू करा मग," म्हणाले आणि निघून गेले. त्यानंतर ते कूलरच्या बाजूने कधी फिरकले नाहीत. आम्ही दोघी तोंडाला रुमाल लावून हसलो. घरी आल्यावर मात्र तो लाल ट्रे माझ्या डोक्यातून जाईना.

कारण मी भ्यालेली होते. पोटात जरा कळ आली की हात थांबायचे. बाथरूमला गेले की आधी कपडा बघायची. परत आले की मावशी माझा चेहरा वाचत असायच्या.

"कोरडं?"

"कोरडं."

मग त्यांचा श्वास सुटायचा. तेव्हा कळायचं, की इतका वेळ त्यांनीही तो धरून ठेवला होता.

मावशींना साखर होती. सकाळी एक गोळी पाण्याबरोबर घ्यायच्या. सोमवारी त्यांचा डबा नसायचा. "सून भांडली, दिला न्हाई," म्हणायच्या. मी पिवळ्या ट्रेतलं पुढे केलं तर हात मागे घ्यायच्या. "ते पिसाचं हाय."

त्या गेल्यावर मी कुरुळीला त्यांच्या खोलीवर गेले. सुनेने मला बसायला पाट दिला आणि माझ्या पोटाकडे बघत राहिली.

"तुमीच का त्या मॅडम? सोमवार धरले व्हते तुमच्यासाठी. सुखरूप सुटका होईस्तोवर. वर गोळ्या चालूच. मी रोज भांडायचे, आत्याबाई, साखरेला उपास चालत न्हाई. ऐकलं का कधी?"

मावशींच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं हृदय. सून म्हणत होती साखर. मला आजही ठाऊक नाही.

मी वाचणारी बाई आहे, व्रतवैकल्यं मानत नाही. तरी त्या खोलीत मी सोमवार मोजू लागले. धरलेले सोमवार अर्धे राहिले होते. आता ते कुणाच्या अंगावर येणार? उंबऱ्यात थांबून मी विचारलं, "राहिलेले सोमवार मी केले तर?"

सुनेने डोळे पुसले. "तुमी उपाशी ऱ्हायलात तर त्या तिकडून उठून येतील भांडायला."

पुढच्या सोमवारी मी काही न खाताच कामावर गेले. बसमध्ये बसल्यापासून बाळ हललं नव्हतं. समोरच्या टेबलावर नवीन बाई होती. नेहमीची वेळ आली आणि टळू लागली. मी पोटावर हात ठेवून बसले होते. न खाल्लं तर बाळाला काही होईल, आणि खाल्लं तर व्रत मोडेल, असं दोन्हीकडून भय. शेवटी मीच बोटाने टेबलावर दोनदा वाजवलं. नवीन बाईने दचकून वर पाहिलं.

कूलरमागे ट्रे तसाच होता. कागदाच्या पुडीत थोडे फुटाणे उरले होते, सादळलेले. मी एकेक करून चावले, गपकन गिळले नाहीत. भिंतीला टेकून वाट पाहिली. खूप वेळाने आत एक ढुशी बसली.

दिवाळीनंतर मुलगी झाली. तिला भूक दम धरू देत नाही.

मी रजेवर असताना कुणीतरी तो पिवळा ट्रे धुऊन लाईनला लावला. आता त्यात पार्ट असतात.