सत्काराच्या दिवशी दादा घरी होता

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. मुलांना तर नाहीच. आज तुम्हाला का सांगतेय — मलाही ठाऊक नाही.

माझा दादा फौजेत होता. आईबाबा लवकर गेले, मला त्यानंच मोठं केलं. बांगलादेशच्या लढाईतून तो परत आला तेव्हा हातपाय शाबूत होते. पण भांडं जरी पडलं तरी तो जमिनीवर पालथा व्हायचा. कधी कधी कपडे ओले व्हायचे. मग मान खाली घालून स्वतःच मोरीत धुवायला जायचा. मी पाहून न पाहिल्यासारखं करायची. लाज कोणाला वाटत होती — त्याला, की मला?

पुढच्या हिवाळ्यात महाल भागातल्या आमच्या मोहल्ल्यानं फौजींचा सत्कार ठेवला. चौकात मांडव, भोंगे, आणि पटाके. त्याच दिवशी उमरेडचं स्थळ मला पाहायला मावशीकडे येणार होतं. फौजीची बहीण म्हणून त्यांना कौतुक होतं. सत्काराला ते थांबणार होते.

दादानं सकाळीच दाढी केली. वर्दीला स्वतः इस्त्री केली. "मी जाईन वं," म्हणाला. "पटाके वाजले तं खुर्ची घट्ट धरून ठेवीन. जमते मले." कितीतरी महिन्यांत तो एवढं बोलला नव्हता.

आणि मी — मी म्हटलं, "दादा, प्रोग्राम रद्द झाला."

"काहून?"

"मोठे साहेब येऊन नाही राहिले म्हणते."

"बरं," म्हणाला. एवढंच.

मांडवात मी सांगितलं, दादा तापानं फणफणलाय. लोक हळहळले. त्याचं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, त्याची शाल आणि नारळ मी घेतला. उमरेडचे लोक माझ्याकडे पाहत होते. खोटं कशाला बोलू — मला बरं वाटत होतं. मग पटाके लागले, आणि तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. एक भोंगा आमच्याच गल्लीच्या तोंडाशी बांधला होता.

घरी आले तर दादा वर्दीतच भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. पँट ओली.

"नाव बराबर घेतलं वं त्यांनी," तो म्हणाला. "गर्दी होती?"

"हो."

"चांगलं झालं."

त्यानं कधीच काही विचारलं नाही. ओरडला असता तर? एक थोबाडीत दिली असती तर? माझ्या लग्नात तो मागच्या खोलीत बसून राहिला. बोलवायला मी गेले नाही.

पुढची सगळी वर्षं त्यानं त्याच खोलीत काढली. वर्दी अंगावर परत चढली नाही. मी सणावारी डबा घेऊन जायची आणि उभ्या उभ्या परतायची.

तो गेला तेव्हा अंगणात जेमतेम चार माणसं होती. शेजारी नवीन राहायला आलेल्या बाईंनी मला हळूच विचारलं, "काय करत होते तुमचे भाऊ?"

फौजी म्हटलं असतं तर लोक हार घेऊन आले असते. जुना सत्कार निघाला असता. तो खोटा ताप निघाला असता.

मी म्हटलं, "काही नाही. घरीच राहायचे."