साक्ष दिल्यावर मायने गोळ्या सोडल्या

मित्रमैत्रिणींनो, धुळ्याच्या दवाखान्यातून लिहितेय. आज दुपारी माझ्या मायचा उजवा पाय घोट्यापासून कापावा लागला.

मायला शुगर आहे. पायाची जखम भरत नव्हती. गावातल्या आमच्या छोट्या चर्चमध्ये पाळकांनी तेल लावून प्रार्थना केली आणि जखम सुकली. रविवारी मायने उभं राहून साक्ष दिली की येशूने मला पूर्ण बरं केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तर रडलेच.

त्या दिवसापासून तिने गोळ्या बंद केल्या होत्या. जखम पुन्हा चिघळली, आणि आज सकाळी डॉक्टरांनी खोदून विचारलं, तेव्हा तिने गोळ्यांचं कबूल केलं.

पाळक मोटारसायकलवर धावत आले. खाटेजवळ बसून म्हणाले, "अक्का, गोळ्या सोडा असं मी कधी बोललो का?"

"नही भाऊ. पन मी चर्चमा बठ्ठास्ना समोर साक्ष दिधी ना. आते गोळी खादी ते देव खोटा पडी."



घरातली पहिली पदवीधर मी. शुगर म्हणजे काय, हे मायला किती वेळा समजावलं. साक्ष दिल्यावरही गोळी घ्यायची असते, हे सांगावं लागेल असं मनातही आलं नाही.

ऑपरेशनला नेताना तिने माझा हात घट्ट धरला. पायाबद्दल एक शब्द नाही. म्हणाली, "पोरी, आते चर्चमा काय सांगू?"

माझा प्रार्थनेवर विश्वास आहे. आत्ताही प्रार्थनाच करतेय. पण एक सांगा, तुमच्या चर्चमध्ये कोणी कधी अशी साक्ष दिली आहे का, की देव मला सांभाळतोय आणि माझ्या गोळ्याही चालू आहेत?